गाणं ऐकलं तेव्हा वेगळं, सिनेमात बघितलं तेव्हा वेगळं... तुमचं असं कोणतं?

बांधावरचा

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढायलो. विषय जरा येडाच आहे पण डोक्यातून जाईना म्हणून टाकतो.

आमच्या घरात एक गाणं आहे. 'कशी नशिबानं थट्टा आज मांडली'. वडील म्हणतात. विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की म्हणतात, सोयाबीन काढून टाकलं अन् त्याच रात्री पाऊस आला की म्हणतात, आडतीवर तुरीचा भाव ऐकून आले की पिशवी खुंटीला अडकवता अडकवता म्हणतात. माझं बारावीचं गणित राहिलं तेव्हा पेपरात नंबर शोधला, सापडला नाही, आधी हे गाणं म्हणले अन् मग कानाखाली दिली. फक्त पहिली ओळ म्हणायची, शेवटचा शब्द लांबवायचा अन् मान हलवायची, संपलं. त्यामुळं आम्हा भावंडांना हे कायम कॉमेडी गाणंच वाटत आलं. आम्ही पण म्हणतो. गाडी पंक्चर झाली की म्हणतो, क्रिकेटमधे पहिल्या बॉलला आऊट झालो की म्हणतो.

तर मागच्या रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं अन् लाईट रात्रीची. शेडात बसून वाट बघायलो, मोबाईलवर टाईमपास म्हणून पिंजरा लावला. १९७२ चा, शांतारामबापूंचा. गाणी तर सगळी पाठ, खेबुडकरांची अन् राम कदमांची, लहानपणापासून यात्रेत, लग्नात, बारशाच्या भोंग्यावर ऐकलेली, पण पिक्चर सलग असा कधीच बघितला नव्हता. म्हणलं नाचगाणं असेल, झोप लागणार नाही.

आता ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक मास्तर, लई आदर्श, गावाला वळण लावणारा, तमाशाचा फड गावात नको म्हणणारा. तोच फडातल्या नाचणाऱ्या बाईच्या पायी फडात जाऊन तुणतुणं धरतो. इकडं गावाला वाटतं मास्तर मेला, अन् गाव त्याचा पुतळा उभा करतं. म्हणजे पुतळा गावात अन् माणूस फडात. अन् शेवटी मास्तरच्या खुनाचा आळ येतो तो मास्तरवरच! अन् त्यानं तोंड उघडून सांगावं की मीच मास्तर, तर पुतळा पडतो.

त्यात हे गाणं येतं. आवाज विष्णू वाघमारेंचा, चेहरा श्रीराम लागूंचा. अरे काय चेहरा आहे तो.

लाईट आलेली कळलंच नाही मला. मोटार चालू करायची राहिली, वीस-पंचवीस मिनिटांची लाईट वाया गेली.

कारण काय झालं, माझे आजोबा गुरुजी. जिल्हा परिषदेचे. पांढरं धोतर, काळी टोपी, बैठकीत मोठा फोटो, अजून गावात माझी ओळख 'गुरुजींचा नातू' अशीच. लागूंच्या जागी मला फोटोतले आजोबाच दिसायला लागले. त्यांचं तसलं काही नव्हतं हो, गैरसमज नको, एकदम सरळ माणूस. पण दिसायला लागले.

आता वडील ती ओळ म्हणले की मला हसूच येईना. परवा मोटार जळाली, त्यांनी नेहमीसारखं लांबवून म्हणलं, अन् मी उठून बाहेर गेलो. ते म्हणाले काय झालं रे तुला, पोट दुखतंय का.

तुमचं झालंय का असं? एखाद्या सीनमुळं गाणंच बदलून गेलं? चांगलं झालं असेल तेही सांगा, वाटोळं झालं असेल तेही.

रिकामटेकडा

आधी गणिताचं सांगा, ऑक्टोबरला सुटलं का?

बांधावरचा

दुसऱ्या ऑक्टोबरला. विषयावर या.

मांजराकाठ

लातूरकर हजर. भाऊ तुमचं वाचून मला माझं आठवलं, पण माझं दोन टोकाचं आहे अन् एकाच पिक्चरचं आहे त्यामुळं जरा लांबेल.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मार्चात शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, टीव्हीवाले आमचे हंडे दाखवायले. आम्ही घरात आंघोळीला एक बादली तिघांत. अन् त्याच महिन्याच्या शेवटी, २९ एप्रिलला, सैराट लागला. दिवसा टँकरच्या लाईनीत अन् रात्री तिकीटाच्या लाईनीत, असा तो मे महिना.

'याड लागलं' आधीपासून मोबाईलमधे वाजत होतं, मला ठीकठाक वाटायचं, व्हायोलिन लई आहे म्हणायचो. थेटरात त्या गाण्याच्या आसपास विहिरीचा सीन आहे. आर्ची पोहायली, परश्या धावत येऊन उडी मारतो. अन् आमच्या थेटरात प्रेमाबिमाचं कुणाला काही पडलं नव्हतं, एकजण मागून ओरडला 'आरे पाणी बघ किती हाय!' अख्खं थेटर हसलं अन् मग एकदम गप्प झालं. खरंच किती पाणी होतं. काठोकाठ. त्या दिवसापासून याड लागलं म्हणजे मला पोरगीबिरगी आठवत नाही, ती विहीर आठवते, गार, हिरवी, भरलेली. अजून पण उन्हाळ्यात लावतो मी ते गाणं. बायको म्हणते कुणाची आठवण यायली? आता तिला काय सांगू, विहिरीची.

हे झालं चांगलं. आता वाटोळं. झिंगाट. पहिल्यांदा बघताना पडद्यापुढं जाऊन नाचलोय मी, चिल्लर उधळली लोकांनी. दुसऱ्यांदा बघितला मित्रासोबत, अन् शेवट माहीत असताना बघितला, अन् तेव्हा डोक्यात उजेड पडला की झिंगाट वाजतंय कुणाच्या वाढदिवसाला? प्रिन्सच्या. आर्चीच्या भावाच्या. अन् शेवटी आर्ची-परश्याच्या घरी चहा प्यायला अन् मग त्यांचा जीव घ्यायला कोण येतं? म्हणजे ज्याच्या वाढदिवसाला आपण उड्या मारायलो तोच. मंजुळेनं तिथंच ठेवून दिलंय ते, अन् आपण नाचून घेतलं. शेवटाला तर बॅकग्राऊंडला काहीच नाही, त्यांचं लेकरू रक्ताची पावलं उमटवत जातं अन् आवाजच नाही. आख्ख्या पिक्चरभर अजय-अतुल वाजले अन् तिथं बंद. थेटरातून बाहेर पडताना स्टँडवरचा रिक्षावाला झिंगाटच वाजवत होता, मला त्याला म्हणावं वाटलं की बंद कर बाबा थोडा वेळ.

वरातीत आता मी नाचत नाही त्यावर. पाणी वाटायला जातो.

नांदेडी_पुण्यात

मला नाही पटत. एवढा विचार कोण करतं राव. मी सैराट तीनदा बघितलाय, शेवटाला तिन्ही वेळा हललो, अन् तरी झिंगाट लागलं की पाय आपोआप सुटतात. माझ्या चुलत भावाच्या वरातीत डीजेनं सलग चार वेळा लावलं, नवरदेवाचा आजा नाचला. गाणं वेगळं, सीन वेगळा. डीजेपुढं सिनेमाचं काही चालत नाही. उलट मला तर वाटतं काही गाणी बघूच नयेत, डोळे मिटून ऐकावी. आपण इकडं एवढा जीव लावून ऐकायचो अन् तिकडं पडद्यावर हिरो बागेत झाडाभोवती प्रदक्षिणा घालायला, वटसावित्रीसारख्या.

कवठाची_चटणी

वटसावित्री 😂 आवडलं.

मी पण लिहिते. माझं वय साठीच्या पुढं, टायपिंग लेक शिकवून गेली, चुकलं तर समजून घ्या.

माहेरची साडी आला तवा मी नवी सासुरवाशीन, पदरात एक लेकरू. १९९१ चा पिक्चर, आमच्या तालुक्याला यायला अन् आम्हाला बघायला मिळायला पुढचं वर्ष उजाडलं असेल. गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलाव आम्ही चाळीस बाया, भाकरी बांधून. सासूबाई पण होत्या माझ्या. पडद्यावर उषा नाडकर्णी सुनेला छळायली अन् सगळ्या बाया मोठ्यानं शिव्या द्यायल्या, अन् माझी सासू सगळ्यात मोठ्यानं! घरी येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण ते जाऊ द्या, गेल्या बिचाऱ्या.

तर त्यातलं 'सासरला ही बहीण निघाली'. आमच्याकडं एक लग्न असं दाखवा ज्याच्यात पाठवणीला हे वाजलं नाही. बँडवाला असू द्या नाहीतर डीजे, नवरी गाडीकडं निघाली की हे लागणार अन् बाया हंबरडा फोडणार. मी पण फोडायचे. पण मला सांगा, तो पिक्चर ध्यानात आहे का कुणाच्या? त्या पोरीची आई तिच्या जन्माला मरती, म्हणून बाप तिचं तोंड बघंना, सासरी छळ, अन् शेवटी पोरगी मरतीच की ओ. मरती! अन् आपण आपल्या लेकीला गाडीत बसवताना हेच गाणं लावायचं? हे कामून कुणाच्या डोक्यात येत नाही?

माझ्या लेकीच्या लग्नात मी बँडवाल्याला आधीच सांगून ठेवलं, बाबा हे सोडून काही पण वाजव. तो म्हणतो कसा, मावशी त्याच्याबिगर लोक रडत नाहीत, अन् लोक रडले नाहीत तर पाठवणी झाली असं वाटत नाही, वरून मलाच नावं ठेवत्यात. मी म्हणलं मी रडते की, तू कशाला काळजी करतो.

नाहीच वाजवलं त्यानं. साधी सनई वाजवली. अन् गाडी वळणाला गेली तवा तिकडून शेजारच्या मांडवातून तेच गाणं ऐकू आलं. एकाच मुहूर्तावर गावात तीन लग्नं होती त्या दिवशी.

रिकामटेकडा

मावशी दंडवत तुम्हाला.

नांदेडी_पुण्यात

मावशी हे भारी होतं. पण बघा, माझाच मुद्दा खरा झाला, लोकांच्या ध्यानात सीन राहत नाही, गाणं राहतं.

कवठाची_चटणी

बायांच्या राहतं बाळा. बोलत नाहीत एवढंच.

सोयगावकर

माझं थोडं उलटं आहे. सिनेमानं गाणं माझ्यापासून नेलं अन् मग परत दिलं, असं काहीतरी.

आमचं गाव पळसखेड्यापासून लांब नाही. कवी महानोर दादा म्हणजे आमच्या सोयगाव तालुक्याचे, अजिंठ्याच्या पायथ्याचे. २०२३ च्या ऑगस्टमधे गेले तेव्हा आमच्याकडं पीक उभं होतं अन् माझ्या मनात पहिलं तेच आलं की आता हे बघायला ते नाहीत. त्यांच्या 'रानातल्या कविता' आम्ही पुस्तक म्हणून नाही वाचल्या, ते आमच्याच शिवारातलं बोलणं होतं. तसंच 'जैत रे जैत' ची गाणी. नभ उतरू आलं, जांभुळपिकल्या झाडाखाली. रेडिओवर लागली की मला वाटायचं हे आभाळ आमच्या कपाशीवर उतरलेलं, हे जांभळाचं झाड म्हणजे आमच्या नाल्याकाठचं. शपथ घेऊन सांगितलं असतं मी.

कॉलेजला असताना पिक्चर बघितला. १९७७ चा, जब्बार पटेलांचा. अन् पडद्यावर काय, सह्याद्रीचा डोंगर, कर्नाळ्याकडचे ठाकर, मधाची पोळी! गोनीदांची कादंबरी आहे ती मुळात, आमच्या मातीचा काय संबंध? लई राग आला. म्हणजे आमच्या माणसाचे शब्द अन् आमचं रान कुठंच नाही. दोन-तीन वर्ष मी ती गाणी ऐकताना मुद्दाम पिक्चर आठवायचा नाही असं ठरवून ऐकायचो. जमत नाही ते. एकदा स्मिता पाटील बघितली की झालं.

नंतर नंतर राग गेला. का गेला ते नीट सांगता नाही येणार. 'मी रात टाकली' मुळं असेल. ते मी नुसतं चालीवर ऐकायचो, हृदयनाथांची चाल अन् लताबाईंचा आवाज, अर्थाकडं लक्षच नव्हतं. सिनेमात कळतं की स्मिताच्या त्या चिंधीनं नवरा सोडलाय. नको असलेला नवरा टाकून आलेली बाई नाचायली ती. आमच्या गावात नवऱ्यानं टाकलेल्या बाया बघितलेल्या, बाईनं नवरा टाकलेला बघितलाच नव्हता. अन् अशा बाईनं डोकं खाली घालून कोपऱ्यात बसायचं सोडून नाचायचं! ते गाणं नाचाचं आहे हे माहीत होतं, कशामुळं नाच आहे ते माहीत नव्हतं.

खडूफळा

सोयगावकर, आता मला एक कबुली द्यावी लागणार. मी परभणी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. आमच्या गॅदरिंगला 'मी रात टाकली' वर चौथीच्या पोरींचा डान्स मीच बसवला होता. दोन वर्ष. नऊवारी, अंबाडा, आबोलीचा गजरा. मोडक्या संसाराची लाज टाकल्याचं नऊ-नऊ वर्षांच्या पोरी गिरक्या घेत म्हणायच्या अन् समोर सरपंच, केंद्रप्रमुख टाळ्या वाजवायचे. पहिला नंबर आला तालुक्याला.

मांजराकाठ

😂😂😂 सर!!

कवठाची_चटणी

अहो सर तुमचं एकट्याचं नाही, आमच्या शाळेत पण बसवलेलं. माझी लेकच होती त्यात.

खडूफळा

हसा. पण मी मूळ वेगळंच लिहायला आलो होतो, ते गमतीचं नाही.

फँड्री. २०१४ च्या फेब्रुवारीत आला. लोक त्यातलं 'तुझ्या पिरतीचा इंचू' म्हणतात, ते तर सिनेमात नाहीच, ते जाहिरातीपुरतं. माझ्यासाठी त्या सिनेमातलं गाणं म्हणजे जन गण मन. डुक्कर धरायला जब्याचं सगळं घर पळतंय, आई, बहीण, बाप, शाळेतली पोरं बघून हसायलीत, अन् डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. अन् डुक्कर समोरून निघून जातं.

मी त्या वेळी आठ वर्ष नोकरी केलेला माणूस. रोज सकाळी परिपाठ, रोज राष्ट्रगीत, मीच सुरुवात करून द्यायचो, सूर वर गेला तर मीच खाली आणायचो. माझं लक्ष कुठं असायचं? तिसरीतला कोण हलतोय, कोण खाजवतोय, कुणाची टोपी वाकडी. सिनेमा बघून सोमवारी शाळेत गेलो, राष्ट्रगीत सुरू झालं अन् माझी नजर पहिल्यांदा कंपाऊंडच्या पलीकडं गेली. उकिरड्यापाशी एक बाई उभी, डोक्यावर सरपणाचा भारा, एक हात भाऱ्याला, अन् स्तब्ध. संपेपर्यंत हलली नाही. मग निघून गेली. दुसऱ्या दिवशी पण. ती रोज त्याच वेळेला तिथून जायची अन् रोज थांबायची. मी कधी बघितलंच नव्हतं. तिचा पोरगा आमच्याच पटावर होता, कायम गैरहजर.

आता भारा डोक्यावर घेऊन बावन्न सेकंद उभं राहणं म्हणजे किती ते करून बघा एकदा.

रोखठोक_७

सर लिहिलंय चांगलं पण राष्ट्रगीताला 'गाणं' म्हणून या यादीत ओढू नका. झिंगाट आणि राष्ट्रगीत एका धाग्यात बरं दिसत नाही. मॉडरेटरनी बघावं.

खडूफळा

तुमचं म्हणणं मान्य, शब्द चुकला असेल. पण मी रोज ते लेकरांकडून म्हणवून घेतो, तेव्हा त्याबद्दल मला काय वाटतं हे बदललं, एवढंच सांगत होतो. कमी नाही झालं, वाढलं. आता परिपाठाला मी भारा घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघूनच सुरुवात करतो. जरा दम धरून.

रिकामटेकडा

रोखठोक भाऊ, बसा खाली, चहा घ्या. शाळेवरून आठवलं, 'हम होंगे कामयाब'. १५ ऑगस्टला लेझीम झाल्यावर हमखास. अन् मग 'जाने भी दो यारो' बघितला. १९८३ चा. त्यातले ते दोघं फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यानं चालायले, खरा भ्रष्टाचार करणारे मोकळे, अन् मागं हेच गाणं, अन् मग कॅमेऱ्याकडं बघून गळ्यावरून हात फिरवतात. आता पोराच्या शाळेत हे गाणं लागलं की माझा हात आपोआप गळ्याकडं जातो, बायको चिमटा काढते.

मी एवढंच लिहिणार होतो. मोठं लिहायची सवय नाही.

मांजराकाठ

'मसान' कुणी लिहिलं नाही अजून? 'तू किसी रेल सी'. माझा एक मित्र परळीला असतो, त्यानं चार वर्ष ती कॉलर ट्यून ठेवली होती, एका पोरीसाठी. दुष्यंतकुमारांचा मूळ शेर आहे हे पण तोच मला सांगायचा, रेल्वे गेल्यावर पूल थरथरतो तसं वगैरे, आमच्या परळीच्या लाईनीचा पूल दाखवून सांगायचा. पिक्चर मात्र बघितला नव्हता साहेबानं. मी जबरदस्तीनं दाखवला. तो दीपक घाटावर प्रेतं जाळणारा, अन् बस अपघातातली प्रेतं येतात, अन् हातातल्या अंगठीवरून त्याला कळतं की ही आपलीच शालू. मित्रानं तिथंच पॉज केलं. म्हणला बाहेर जाऊन येतो. आला नाही तासभर.

कॉलर ट्यून बदलली त्यानं. आता कंपनीची आहे, टुंईईटुंईई.

हिमरू

मी इथला जुना वाचनमात्र. निवृत्त आहे, औरंगाबादेत आयुष्य गेलं. आमचं बालपण रेडिओचं. सिलोन लावायला एरियल गच्चीवर, अन् घरघर कमी करायला कुणीतरी एकानं सेट धरून उभं राहायचं. सिनेमा वर्षातून दोनदा. तेव्हा गाणं आधी अन् सिनेमा नंतर, कधी कधी वीस वर्षांनी, कधी कधी कधीच नाही. मधल्या काळात सीन आपणच करायचे.

'वक्त ने किया' चा माझा सीन ठरलेला होता. पाऊस. आमच्या गल्लीतला नगरपालिकेचा दिवा, त्याच्याखाली ओली फरशी, एक बाई खिडकीत. गीता दत्तच्या आवाजाला पाऊस पाहिजेच असं मला वाटायचं. इतकं पक्कं होतं की कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, हो सिनेमात पाऊस आहे.

ऐंशीच्या दशकात एका फिल्म सोसायटीत 'कागज के फूल' बघितला. पाऊसबिऊस काही नाही. रिकामा स्टुडिओ, ती दोघं लांब लांब, अन् वरून उन्हाचा एक जाड झोत. धूळ तरंगते त्यात. तोंड तर दोघंही हलवत नाहीत, गाणं त्यांचं नाहीच जणू, त्या जागेचं आहे. व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं खरं ऊन आत आणलं होतं हे नंतर कुठंतरी वाचलं. १९५९ साली! अन् तो सिनेमा तेव्हा पडला. कैफींनी लिहिलेलं, बर्मनदांनी बांधलेलं, गुरुदत्तच्या सिनेमात त्याच्याच बायकोनं वहीदासाठी गायलेलं, हे सगळं माहीत झाल्यावर तर बोलायलाच नको.

तर गाणं मोठं झालं का? झालं. शंभर पटीनं झालं. पण माझा पाऊस गेला तो गेलाच. पुष्कळदा प्रयत्न केला, रात्री लाईट गेल्यावर अंधारात रेडिओ लावून. ती खिडकी येत नाही. तो झोतच येतो. आता गल्लीत एलईडी दिवे आहेत, तेही एक आहे म्हणा.

नांदेडचे भाऊ म्हणतात बघूच नये, त्यात थोडं तथ्य आहे. पण बघितलं नसतं तर असंही म्हणवत नाही.

नांदेडी_पुण्यात

काका तुम्ही लिहित जा राव इथं, वाचनमात्र काय राहता.

सोयगावकर

+१. काका, ती गल्ली कुठली ते सांगा, मी जाऊन बघून येतो.

हिमरू

आता तिथं मोबाईलची दुकानं आहेत बेटा. चहा मात्र अजून चांगला मिळतो.

बांधावरचा

मंडळी, धागा एवढा चालेल वाटलं नव्हतं. पेरणीच्या गडबडीत होतो म्हणून उत्तर द्यायला उशीर. एक सांगायचं राहिलंय.

परवा संध्याकाळी वडिलांना सरळ विचारलंच मी. म्हणलं बापू, तुम्ही पिंजरा बघितलाय का? मला वाटलं नसेल बघितला, नुसती ओळ उचलली असेल. ते म्हणाले, दोनदा बघितलाय. तुझ्या आजानं धुतलं होतं मला त्याच्यापायी.

मग सगळं निघालं. बहात्तरचा दुष्काळ. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. बापू तेव्हा चौदा-पंधराचे. पिक्चर तालुक्याला लागला, तंबूत. आजोबांचा कडक नियम, तमाशाचं नाव घरात नको, अन् हा तर तमाशाचाच पिक्चर, अन् त्यात मास्तर नासतो म्हणे, असं गावात झालेलं. बापू न सांगता सायकलवर गेले, मित्राला डबलशीट घेऊन, चौदा किलोमीटर. रात्री उशिरा परत. आजोबा ओट्यावर बसलेले, कंदील खाली ठेवून. आधी छत्रीनं बदडलं. छत्रीची एक काडी मोडली ते पण बापूंना आठवतंय.

अन् मग, बापू म्हणाले, आई झोपायला आत गेल्यावर आजोबांनी हळूच विचारलं, 'शेवटी त्या मास्तरचं काय होतं?'

म्हणजे त्यांनी बघितला नव्हता, बघणं शक्यच नव्हतं, गुरुजी तंबूत कसे जाणार, पण गावात सगळे मास्तर मास्तर करायले अन् ह्यांना विचारायची सोय नाही. तर चौदा वर्षांच्या पोरानं, मार खाल्लेल्या, रात्री दीड वाजता बापाला पिंजराचा शेवट सांगितला. पुतळा, कोर्ट, सगळं. गाणं पण म्हणून दाखवलं. बापू म्हणाले पहिलीच ओळ आली मला, पुढची पाठ नव्हती.

मी विचारलं मग आजोबा काय म्हणाले?

बापू म्हणाले, काही नाही. कंदील बारीक केला. म्हणाले सकाळी धारेला तू ऊठ, मला शाळा लवकर आहे.

रिकामटेकडा

अन् दुसऱ्यांदा कधी बघितला?

बांधावरचा

त्याच आठवड्यात. पैसे कुठून आले ते विचारलं तर बापू म्हणले, जा बघ मोटार भरून आली का.